चाकातले पाणी

शेतात कुळव चालू असताना त्यावर एखादा जड दगड ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. दगड नसला, तर घरातील एखादा मुलगा त्यावर उभा राहतो आणि मोठ्या मौजेने शेतभर हिंडतो. कुळव हलका असला, म्हणजे त्याची फास जमिनीवरून नुसती सरकत जाते. वर भार पडला, की ती मातीत शिरते. रिकामे जहाज कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जो भार भरीत, त्याला आपले दर्यावर्दी लोक नीरम म्हणत. मुद्दाम वजन वाढवून काम साधण्याची ही युक्ती अशी जुनीच आहे. ट्रॅक्टरलाही ती लागू पडते. मात्र तेथे हा भार चाकाच्या पोटात भरतात, आणि तो असतो साध्या पाण्याचा!

सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे डाळिंबाच्या आणि पंढरपूरकडे द्राक्षांच्या बागा पुष्कळ आहेत. झाडांच्या दोन ओळींमधील वाट अरुंद असते, म्हणून तेथे छोटा ट्रॅक्टर सोयीचा पडतो. त्याचे वजन साधारणपणे ८०० ते १००० किलोग्रॅम, म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरच्या जवळजवळ निम्मे असते. बागेत हा हलकेपणा गुण ठरतो. पण तोच ट्रॅक्टर नांगर जोडून ओलसर काळ्या रानात उतरविला, की चाके जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनात बळ कितीही असो, ते जमिनीपर्यंत पोचते चाकाच्या पकडीतूनच. आणि चाक जमिनीवर जितके जोराने दाबले जाईल, तितकी पकड अधिक. पूर्वीच्या ट्रॅक्टरांची लोखंडी दातेरी चाके मातीत रुतून चालत. १९३२ साली अमेरिकेत ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर मिळाले. त्यामुळे चाल सुखाची झाली, पण पकडीचा प्रश्न पुढे आला.

चाक किती घसरते, हे मोजणे फार सोपे आहे. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. नांगर वर उचलून धरला असता चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर ३० मीटर गेला, आणि नांगर जमिनीत असता तेवढ्याच फेऱ्यांत तो २६ मीटरच गेला, असे समजा. ३० मीटरांतील ४ मीटर वाया गेले. म्हणजे घसरण शेकडा १३ झाली. शेकडा १० ते १५ घसरण चालण्यासारखी असते. याहून पुष्कळ अधिक झाली, तर डिझेल जळते, टायर झिजतो आणि काम मात्र होत नाही.

आता पाणी भरण्याची रीत पाहू. हे काम मोठ्या माणसांचे आहे. ट्रॅक्टरचा मागचा भाग जॅकवर उचलून चाक असे फिरवितात, की त्याचा वॉल्व्ह अगदी वर यावा. वॉल्व्हमधील बारीक पिन काढून उंचावरील टाकीची नळी तेथे जोडतात आणि आतली हवा बाहेर पडावी म्हणून मधून मधून ती सोडवितात. पाणी वॉल्व्हपर्यंत आले, की भरणे थांबते. वॉल्व्ह चाकाच्या लोखंडी कड्यावर असल्यामुळे त्याच्या वरचा भाग रिकामा राहतो. म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश टायर भरतो. उरलेल्या जागेत पंपाने हवा भरतात. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून टायर काठोकाठ भरला, तर तो लाकडासारखा कठीण होईल आणि दगडावर आपटून फाटेल. वरची हवा गादीचे काम करते.

छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरात सुमारे ६० लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, तेव्हा दोन्ही चाकांत मिळून १२० किलोग्रॅम भार झाला. जणू मागे दोन धडधाकट माणसे बसली! शिवाय हा भार जमिनीलगत राहत असल्याने ट्रॅक्टर कलंडण्याचे भय थोडे कमी होते.

थंड देशांत मात्र साधे पाणी चालत नाही. गोठताना पाणी सुमारे शेकडा ९ फुगते आणि आत बर्फाचा गोळा होऊन बसतो. म्हणून तेथे पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचे मीठ विरघळवितात. त्याने पाणी सहजी गोठत नाही आणि जडही होते. पण हे मीठ कुठे पाझरले, तर चाकाचे लोखंड खाऊन टाकते. सोलापूरच्या हवेत ती चिंता नाही.

इतका स्वस्त भार मिळतो, तर तो बारा महिने का ठेवू नये? याचे उत्तर सोलापूरच्या मातीतच आहे. येथे पाऊस थोडा आणि लहरी. मंगळवेढ्याची प्रसिद्ध ज्वारी पावसाळा सरताना पेरतात व ती मुख्यतः काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर वाढते. ही ओल मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत असते. जड चाक वरून गेले, की त्या पोकळ्या मिटतात. पाणी मुरेनासे होते आणि मुळांना खाली वाट सापडत नाही. ओल्या रानात तर ही हानी फारच होते. म्हणून नांगरटीपुरते पाणी भरून पेरणीपूर्वी ते काढणारा शेतकरी शहाणा म्हटला पाहिजे.

काढतेवेळी वॉल्व्ह खाली आणतात. आतल्या हवेच्या जोराने पाण्याची चिळकांडी उडते. राहिलेले पाणी बारीक नळीने ओढून घेतात. ते साधेच पाणी असल्यामुळे डाळिंबाच्या आळ्यात सोडता येते; मिठाचे पाणी असते, तर तेही करता आले नसते.