चतुर आणि मिरगाचा किडा

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे शेताच्या बांधावर मुलं वाकून काहीतरी शोधू लागतात. ओल्या मातीत लालभडक मखमलीचा एक ठिपका चालताना दिसतो. तोच आपला मिरगाचा किडा. पुढे पाऊस ओसरू लागला, की त्याच भातखाचरांवर चतुरांचे थवे भिरभिरतात. दोघांनाही आपण सरसकट ‘किडा’ म्हणतो. पण ते एका घरातले नव्हेत, बरं का!

पाय मोजून पाहा. चतुराला सहा पाय आणि चार पंख. डोकं, छाती, पोट असे शरीराचे तीन भाग. म्हणून तो कीटक. मिरगाच्या किड्याला पाय आठ. पंख नाहीत, मिशा नाहीत, अंग म्हणजे एकच गोळा. तो कोळी आणि गोचीड यांच्या गोतातला. मात्र गुरुजींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात! ते इतर किड्यांना चिकटून त्यांचा रस शोषतं. तेव्हा नुसते पाय मोजून भागत नाही. सारं अंग पाहावं लागतं.

राहणीही निराळी. मिरगाचा किडा वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत काढतो आणि पावसाच्या तोंडाशी थोडे दिवस वर येतो. चतुराचं बालपण पाण्यात जातं. पण पंख फुटल्यावर त्याच्या एका जातीची झेप थक्क करणारी असते. हे चतुर वाऱ्याच्या साह्यानं भारतातून मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडत असावेत, असं चार्ल्स अँडरसन या संशोधकानं २००९ साली मांडलं.

एका बाबतीत मात्र दोघं सारखे. दोघंही शिकारी. चतुराची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, मोठे चतुर उडते डास आणि चिलटं टिपतात. मिरगाचा किडा वाळवी आणि किड्यांची अंडी फस्त करतो. शेतकरी बंधूंनो, गरज नसताना फवारलेलं औषध किडीबरोबर या बिनपगारी राखणदारांनाही मारतं.

लहानपणी मी एक मिरगाचा किडा काड्यापेटीत ठेवला होता. सकाळी पाहतो तो मेलेला. चतुराच्या शेपटीला दोराही बांधला आहे. आज त्याचं वाईट वाटतं. म्हणून गुरुजी, यंदा मुलांना बांधावर न्या. पाय मोजू द्या, चित्र काढू द्या, आणि किडा होता तिथंच राहू द्या.