ऊन फुकट, यंत्रे मात्र विकत

सूर्याचे ऊन फुकट मिळते. त्यापासून वीज करणारी यंत्रे मात्र विकत घ्यावी लागतात. सौरशक्तीच्या कामी नगरपालिकांचे घोडे अडते ते येथेच. कोळशाचा खर्च वर्षानुवर्षे थोडाथोडा होतो. सौर विजेचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी दारात उभा राहतो. वार्षिक अंदाजपत्रकावर जगणाऱ्या संस्थेने पंचवीस वर्षांच्या विजेचे मोल एकदम कोठून आणावे?

इंदूर महानगरपालिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर आम्हांस विचारार्ह वाटते. त्या शहराला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून उपसून माळव्याच्या पठारावर चढवावे लागते, आणि त्याच्या विजेपायी दरमहा कोट्यवधी रुपये जातात. तेव्हा जलूद परिसरात ६० मेगावॅटचे सौर वीजकेंद्र उभारण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महानगरपालिकेने द. सा. द. शे. सव्वाआठ टक्के व्याजाचे हरित कर्जरोखे विक्रीस काढले. सामान्य नागरिकांनाही ते घेता येत होते. मूळ १२२ कोटींच्या मागणीस जवळजवळ सहापट प्रतिसाद मिळाला व अखेर २४४ कोटी रुपये स्वीकारण्यात आले.

दुसरा मार्ग अधिक रुळलेला आहे. खाजगी कंपनी स्वतःच्या भांडवलाने केंद्र उभारते आणि नगरपालिका ठरलेल्या दराने वीज विकत घेते. यात कर्जाचा बोजा नाही. परंतु नफ्याचा मोठा वाटाही कंपनीकडेच जातो. ज्या नगरपालिकेची बाजारात पत नाही, तिला हा मार्ग त्याज्य म्हणता येणार नाही. ज्यांची पत आहे त्यांनी मात्र कर्जाला भिऊ नये. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढलेच होते.

तथापि एका गोष्टीकडे आम्ही आवर्जून लक्ष वेधू इच्छितो. इंदूरच्या रोख्यांची परतफेड व्हावी म्हणून महानगरपालिकेच्या उत्पन्नाचा पैसा वेगळ्या खात्यात बाजूला काढण्याची व्यवस्था आहे. धनको त्यामुळे निर्धास्त राहील. करदात्याचे काय? विजेच्या बिलात वाचलेला पैसा सर्वसाधारण तिजोरीत मिसळून समारंभांत व कमानींत विरून गेला, तर कर्जाचे व्याज अखेर घरपट्टीवरच येऊन बसेल. म्हणून अशा कर्जाबरोबरच बचतीचाही स्वतंत्र निधी असला पाहिजे. किती युनिटे निर्माण झाली, बिल किती उतरले आणि त्यातून किती हप्ते फिटले, याचा ताळेबंद दरवर्षी सभागृहापुढे व नागरिकांपुढे यावा. वीजकेंद्राच्या उद्घाटनाला जेवढी गर्दी लोटते, तेवढी या ताळेबंदाच्या वाचनाला लोटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु सौर वीज शहराला खरोखर स्वस्त पडली की नाही, हे त्या ताळेबंदावरूनच कळणार आहे.