आयकराची धास्ती आणि उडालेली झोप

पावसाळ्यात सर्दी-तापाचे रुग्ण वाढतात, हे वाचकांना सांगायला नको. पण आयकराची विवरणपत्रे भरून झाली, की पुढचे काही महिने दवाखान्यात आणखी एक तक्रार ऐकू येते. झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडते, जेवण पचत नाही. रक्त तपासले, कार्डिओग्राम काढला तरी दोष सापडत नाही. मग इकडचे तिकडचे बोलताना हळूच निघते, "डॉक्टर, यंदाच्या फॉर्ममध्ये थोडी चूक झाली आहे. चौकशी लागेल का हो?"

हे रुग्ण बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा एस.टी.तून निवृत्त झालेले कर्मचारी, नाहीतर छोटे दुकानदार असतात. मोठ्या व्यापाऱ्याचा सी.ए. ठरलेला असतो, त्याची काळजी तो वाहतो. यांचे विवरणपत्र मात्र पुतण्याने किंवा संगणक केंद्रातल्या मुलाने घाईत भरलेले असते. गंमत म्हणजे, ज्याने जाणूनबुजून लपवले तो क्वचितच या तक्रारी घेऊन येतो. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेल्या माणसाची झोप मात्र हजार-दोन हजारांच्या फरकाने उडते.

ही धास्ती केवळ 'मनाची' समजून सोडून देणे बरोबर नाही. मेंदूला धोक्याची जाणीव झाली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात येतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृत साखर बाहेर सोडते. वाघ समोर आला तर याचा उपयोग आहे, पळता येते. आयकर खात्यापासून पळायचे कोठे? धोका दिसत नाही, संपतही नाही, आणि शरीर आठवडेच्या आठवडे सज्ज राहते. म्हणून मधुमेह असलेल्यांची साखर औषध चालू असूनही वर जाते आणि रक्तदाबाचे जुने रुग्ण पुन्हा गोळी वाढवायला येतात. अशा दिवसांत एकदाच घेतलेल्या रक्तदाबाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पाच मिनिटे शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजावा.

यात भर घालते ती टाळाटाळ. खात्याचा संदेश मोबाईलवर येतो आणि तो न उघडताच ठेवला जातो. न उघडल्याने घटकाभर बरे वाटते, आणि तेवढ्या बऱ्या वाटण्यानेच पुन्हा न उघडण्याची सवय लागते. इकडे न वाचलेला मजकूर मनात दररोज मोठा होत जातो. मी पाहिलेल्या अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांनी तो कागद पुरता वाचलेलाही नव्हता. म्हणून आरोग्याच्या सदरात आयकराचे चार शब्द लिहिणे मला औषध लिहून देण्याइतकेच जरुरीचे वाटते.

सर्वांत अधिक होणारी चूक ठेवींच्या व्याजाची. बँकेने टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, अशी समजूत घरोघरी आहे. टीडीएस साधारण दहा टक्के कापला जातो. ज्याचे उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्याने उरलेला कर स्वतः भरायचा असतो. टीडीएस कापू नये असा अर्ज बँकेत दिला तरी व्याज उत्पन्नात दाखवावेच लागते. बँका ही माहिती खात्याला कळवतात, आणि २०२१ पासून ती वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, करदात्यालाही पाहता येते. फॉर्म भरण्याआधी ते विवरण एकदा पाहिले असते तर माझ्या निम्म्या रुग्णांना झोपेची गोळी मागावी लागली नसती.

बरे, चूक झाली. मग पुढे काय? कायद्यानेच ती सुधारण्याची वाट ठेवली आहे. सुधारित विवरणपत्र भरता येते आणि ते भरले की पहिल्याच्या जागी तेच धरले जाते. २०२५-२६ या कर निर्धारण वर्षासाठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. मुदती बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाची तारीख आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावी. ही मुदत हुकली तर २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने तिचा अवधी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत वाढवला. मात्र तिथे कर आणि व्याज यांवर पहिल्या वर्षी २५ टक्के आणि पुढे क्रमाने ५०, ६०, ७० टक्के जादा भरावे लागतात, आणि परतावा वाढवून घेण्यासाठी ही वाट चालत नाही. दुखणे अंगावर काढले की उपचार महागतो, त्यातलाच हा प्रकार. आणखी एक गोष्ट हमखास राहते. विवरणपत्र पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करायची असते. आधारच्या ओटीपीने ती दोन मिनिटांत होते. ती राहिली तर सुधारणेचे श्रम वाया जाऊ शकतात.

आता 'नोटीस' या शब्दाविषयी. खात्याकडून आलेला प्रत्येक कागद चौकशीचा नसतो. बंगळूरच्या केंद्रात संगणकावर विवरणपत्राची पडताळणी होते आणि तिचा निकाल प्रत्येकाला कळवला जातो. आपला आणि खात्याचा हिशेब जुळला, इतकेच त्यात असू शकते; परतावा किंवा थोडी बाकीही असू शकते. त्याला सूचनापत्र म्हणावे. सखोल तपासणी हा निराळा प्रकार असून तो विरळा आहे. पंतप्रधानांनी १३ ऑगस्ट २०२० रोजी दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१२-१३ मध्ये ०.९४ टक्के विवरणपत्रांची तपासणी झाली होती, २०१८-१९ मध्ये ती ०.२६ टक्क्यांवर आली. म्हणजे हजारात दोन-तीन. त्यानंतर बहुतेक तपासणी चेहराविरहित पद्धतीने, कागदपत्रे संगणकावर मागवूनच होते. अधिकाऱ्यासमोर थरथरत उभे राहण्याचे जे चित्र रात्री डोळ्यांपुढे येते, ते पुष्कळसे जुन्या काळचे आहे.

याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा नव्हे. उत्तराला मुदत असते आणि ती पाळलीच पाहिजे. चूक निराळी आणि लबाडी निराळी, हा भेद कायदाही करतो: उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के दंड, खोटी माहिती देऊन दडवल्यास २०० टक्के. खोट्या देणग्या दाखवून परतावा मिळवून देणारे एजंट गावोगाव भेटतात. त्यांच्या नादी लागलेल्याला मी झोपेचे औषध देऊ शकत नाही. आणि घाबरलेल्या माणसाला गाठणारे भामटेही आहेत. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. संदेशातली कळ दाबून बँकेचा पिन किंवा ओटीपी कोणालाही देऊ नये.

तोवर रात्रींचे काय करावे? अमेरिकेतील बेलर विद्यापीठात सत्तावन्न तरुणांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण उपाय फुकटचा आहे. 'उद्या अकराला बँकेतून व्याजाचा दाखला आणणे, परवा सल्लागाराकडे जाणे' असे वहीत लिहून वही मिटावी. दुपारी चारनंतर चहा बंद. रात्री मोबाईलवर खात्याचे संकेतस्थळ उघडून बसू नये. ते काम सकाळचे. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी तर अजिबात घेऊ नये. तिची सवय लागते आणि वयस्कर माणसे रात्री उठताना पडतात. घरच्यांनीही "तुम्हाला तेव्हाच सांगितले होते" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवावे. कागदांची फाईल लावायला मुलाने अर्धा तास दिला, तर वडिलांना माझ्या औषधाची गरज कमी पडते.

दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडी येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र छातीत दाबल्यासारखे दुखून कळ डाव्या हातात वा जबड्यात जात असेल, घाम सुटून दम लागत असेल, तर ती आयकराची काळजी आहे असे समजून घरी थांबू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.