भाजी पेरण्यापूर्वी डबा ओळखा

वसईच्या माणसाचे मातीशी नाते जुने आहे. अनेक ठिकाणी वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बावखले बुजली. तरीही कित्येक कुटुंबांनी गच्चीत व खिडकीत मेथी, कोथिंबीर, मिरची लावून हे नाते जपले आहे. ही स्तुत्य गोष्ट होय. परमेश्वराने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाद्वारे याच जबाबदारीचे स्मरण करून दिले. मात्र राखण करणाऱ्याने सावधही असावे लागते.

काही दिवसांपूर्वी एका कुटुंबाला भेट देण्यास गेलो होतो. गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये मेथी छान तरारली होती. ड्रममध्ये पूर्वी काय होते, असे विचारता घरातील आजी म्हणाल्या, “ठाऊक नाही, फादर. भंगारवाल्याकडून आणला, पण साबणाने तीनदा धुतला.” ड्रमवरील फाटक्या कागदावर धोक्याचे चिन्ह तेवढे शिल्लक होते. ती मेथी नातवंडांच्या ताटात जाणार होती. अखेर ती उपटून टाकावी लागली, तेव्हा आजींना फार वाईट वाटले.

धुतल्याने डबा स्वच्छ दिसतो. परंतु कीटकनाशके, द्रावके व तेलकट रसायने प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि पुढे हळूहळू बाहेर येऊ शकतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: या डब्यात पूर्वी काय होते? उत्तर मिळाले नाही, तर त्यात खाण्याची भाजी लावू नये. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असलेला चौकोन असतो. रंग कोणताही असो, असा डबा पुन्हा वापरू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत, अशी तरतूद आहे.

दुसरा प्रश्न प्लॅस्टिकच्या जातीचा. डब्याच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. तो केवळ प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही.

२ व ५ : खाद्यतेलाचे कॅन आणि अनेक जाड डबे या प्रकारांचे असतात. त्यांत पूर्वी खाद्यपदार्थच असल्यास ते भाजीसाठी सर्वांत योग्य.

१ व ४ : पाण्याच्या बाटल्या व पिशव्या. एखाद्या हंगामापुरत्या चालतात; उन्हात लवकर ठिसूळ होतात.

३ : पीव्हीसी. ते मऊ करण्यासाठी घातलेली द्रव्ये झिरपू शकतात. जुन्या पाइपांत शिशाचे क्षारही आढळतात. टाळावे.

६ : मासळीचे थर्माकोलचे खोके याच प्रकारचे. त्याचे कण सुटून मातीत मिसळतात. टाळावे.

७ : इतर सर्व प्रकार. पाण्याचे २० लिटरचे जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असतात. त्यातून बिस्फेनॉल-ए पाझरू शकते. तेही नकोत.

आकडा नसलेले, भंगार वितळवून केलेले स्वस्त काळे डबेही भाजीसाठी घेऊ नयेत. त्यांत कोणते प्लॅस्टिक गेले, हे सांगता येत नाही. फुलझाडांसाठी ते खुशाल वापरावेत.

मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोली पुरते. टोमॅटो व वांग्याला १५ ते २० लिटरचा डबा हवा. तळाला भोके पाडावीत. कुंडीला तडे गेले किंवा हात लावताच तिची भुकटी निघू लागली, की ती बदलावी. जुने प्लॅस्टिक मात्र जाळू नये; विशेषतः पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये असतात. ते कचरा वेचणाऱ्यांकडे सोपवावे.

शंका असेल तेथे मातीची साधी कुंडी केव्हाही उत्तम. त्या आजींनी आता दोन कुंड्यांत पुन्हा मेथी पेरली आहे. जेवणापूर्वी आपण ताटातील अन्नावर परमेश्वराचा आशीर्वाद मागतो. ते अन्न कशात वाढले याची काळजी घेणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग आहे.