चाक जमिनीवर टिकले पाहिजे

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीचा पाऊस चांगला झाला की दुसऱ्या दिवशी शेतरस्त्याने जीप घालणे म्हणजे परीक्षाच. शंभर पावलांत टायरच्या खाचा मातीने लिंपून जातात, चाक गुळगुळीत होते, मडगार्डमध्ये चिखल ठासून बसतो आणि फोर-व्हील लावूनही गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते. जुनी जीप, बोलेरो किंवा थार बाळगणाऱ्या अनेकांना अशा वेळी एकच उपाय सुचतो. मोठे, रुंद टायर टाकायचे आणि गाडी दोन-तीन इंच उचलून घ्यायची. खर्च लाखाच्या घरात जातो आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा तिथेच रुतते.

पैसा कमी असेल तर तो कुठे घालायचा, हे भौतिकशास्त्र फार स्पष्ट सांगते. सस्पेन्शन म्हणजे बसणाऱ्याला गचके कमी बसावेत यासाठीची सोय, एवढाच आपला समज असतो. पण त्याचे पहिले काम चाक जमिनीवर टेकवून ठेवणे हे आहे. हवेत लटकलेले चाक गाडी ओढत नाही, थांबवत नाही आणि वळवतही नाही. साध्या डिफरन्शिअलच्या गाडीत तर एक चाक उचलले गेले की इंजिनाची फिरकी त्या मोकळ्या चाकाकडे निघून जाते आणि जमिनीवरचे चाक गप्प उभे राहते. म्हणून कुठलाही सुटा भाग घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: याने चाक जमिनीवर अधिक टिकेल का?

कमी पैशांत चाकावरचा भार सांभाळण्याचा विचार सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. १८९७ साली आताच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही गाडी. पैसे बेताचे होते, म्हणून रूळ हलके, यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे. अशा रुळांवर जड इंजिन चालवायचे कसे? कॅल्थ्रॉपने नियम घालून घेतला की इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिनाला त्याने आठ जोडचाके दिली आणि मागे आणखी चार. वजन तेवढेच राहिले, पण वाटले गेले. ही गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोचली. कमी पैशांत मोठे काम करायचे तर आधी भाराची वाटणी नीट करावी लागते, हे या जिल्ह्याने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

रबरी टायरच्या गाडीत ही वाटणी फुकट करता येते. जीपचे वजन माणसांसह १५०० किलो धरू. एका चाकावर ३७५ किलो आले. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण २.१ किलो दाब पडतो. म्हणजे टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम १८० चौरस सेंटीमीटरवर, एका उघड्या पंजाएवढ्या जागेवर. हवा १८ पौंडांवर आणली की हीच जागा ३०० च्या आसपास जाते. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा हलतो, पण दिशा तीच राहते. जागा वाढते ती मुख्यतः लांबीत. मऊ मातीत टायर कमी रुततो आणि दगडावरून जाताना त्याच्यावर रेलून पकड घेतो. शिवाय ढिला टायर फिरताना सारखा दबतो-सुटतो, त्यामुळे खाचांतली मातीही सुटायला मदत होते.

याला पथ्य आहे. हवा कमी करून ताशी २५-३० किलोमीटरच्या वर जाऊ नये. भिंती सतत मुडपल्या की टायर तापतो आणि फाटतो. फार कमी हवेवर झटक्यात वळण घेतले तर टायरची कड रिममधून निसटते. डांबरी लागली की पहिले काम हवा भरण्याचे. म्हणून माझ्या मते कमी बजेटच्या माणसाची पहिली खरेदी दोन वस्तूंची: हवा मोजायचे चांगले मीटर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप.

आता माती. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या कातळाची, बेसाल्टची झीज होऊन झालेली आहे. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. या खनिजाचे कण अतिपातळ पापुद्र्यांचे असतात आणि पाणी थेट पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. माती फुगते, चिकट होते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच माती पाणी धरून ठेवते म्हणून मंगळवेढ्याची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. आणि याच गुणाने ती टायरला सोडत नाही.

रुंद टायर घ्यावा की अरुंद, याचे उत्तर म्हणूनच रानागणिक बदलते. काळीच्या खाली मुरूम असतो. तो वीतभर खोलीवर असेल तर अरुंद टायर वरचा चिखल कापून खाली मुरमावर टेकतो आणि गाडी निघते. जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपला ६.००-१६ मापाचे बारीक, मोठ्या गुट्ट्यांचे टायर असत, त्यात मोठे शहाणपण होते. काळी पुरुषभर खोल असेल तर मात्र अरुंद टायर खाली खालीच जातो. तिथे रुंदी आणि कमी हवा कामाला येते. मुरूम किती खाली आहे हे त्या रानाच्या मालकाला विहीर खणल्यापासून पाठ असते. त्याला विचारावे.

आता पाट्यांकडे, म्हणजे लीफ स्प्रिंगकडे, येऊ, कारण थोड्या पैशांत सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. जुन्या जीपचा पाट्यांचा जुडगा सोडवून फरशीवर मांडला की बिघाड डोळ्यांनी दिसतो. मधला बोल्ट निघताच पाने सुटी होतात. प्रत्येक पानाच्या पाठीवर तांबड्या गंजाचे पोपडे असतात. खालच्या पानाचे टोक वरच्या पानात घासून घासून तिथे नखाला लागेल असा खड्डा पडलेला असतो. शॅकलचे रबरी बुश गोलाचे लांबट झालेले असते आणि पिन त्यात खुळखुळते. अशा जुडग्यात पाने एकमेकांवरून सरकत नाहीत, गंजाने अडकतात. लहान खड्ड्याला पाटा हलतच नाही आणि गचका थेट चासीवर येतो. पाने घासून साफ करणे, टोके गोल करणे, ग्रॅफाइटचे ग्रीस लावणे, बुश आणि पिना बदलणे एवढ्याने ‘पाटे कडक झालेत’ ही तक्रार पुष्कळदा संपते. बुशचा संच काही शेकड्यांत मिळतो. बाकी मजुरी.

पाने वाढवण्याचे गणित मात्र नीट समजून घ्यावे. सातांची आठ पाने केली तर कडकपणा साधारण सातव्या हिश्शाने वाढतो. पण पानाची जाडी ६ मिलिमीटरवरून ७ केली तर तो जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात जातो. एक मिलिमीटरने गाडीचा स्वभाव बदलतो. सोलापूरकडे वडापला, म्हणजे प्रवासी वाहतुकीला, चाललेल्या कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांमध्ये भरगच्च माणसे पेलण्यासाठी जादा पाने घालण्याची रीत होती. अशी गाडी जुन्यात घेतली असेल तर आधी पाने मोजा. दोघेच बसून फिरायचे असेल तर पाने वाढवण्याऐवजी जादाचे पान काढणे हाच सुधार असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

स्प्रिंग किती मऊ हे मोजायलाही यंत्र लागत नाही. गाडीच्या वजनाने पाटे ५ सेंटीमीटर दबत असतील तर गाडी सेकंदाला सुमारे सव्वादोन वेळा झुलते. १० सेंटीमीटर दबत असतील तर दीडच्या थोडे वर. जितके दबणे जास्त, तितके झुलणे संथ आणि अंगाला सोसणारे. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेत सेकंदाला ४ ते ८ वेळांचे कंप सर्वांत जास्त त्रास देतात. अडकलेल्या पाट्यांची गाडी टायरवरच उसळू लागली की नेमकी त्या पट्ट्याकडे सरकते. पाठ धरते ती त्यामुळे.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देताना एक काळजी घ्यावी. हे पोलाद ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात विझवलेले आणि मग पाचशे अंशांच्या जवळपास पुन्हा शेकलेले असते. भट्टीत लाल करून नुसते वाकवले तर दिलेले पाणी उतरते. कमान सुंदर दिसते आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. थंड ठोकून कमान देणारा कारागीर शोधावा, नाहीतर नवा पाटा घ्यावा.

शॉकअपबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून जाते आणि पाट्याच्या हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत आहे. दोन-तीनदा झुलली किंवा नळीवर तेल पाझरलेले दिसले तर तो संपला आहे. थोडे पैसे हातात आले की चारही शॉकअप एकदम बदला, निदान एका आसावरचे दोन्ही. खडबडीत रस्त्यावर साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि त्याची पकड जाते. नायट्रोजन वायू भरलेले शॉकअप इथे जास्त टिकतात. नव्या पाट्यांपेक्षा आणि नव्या टायरपेक्षा आधी मी याला पैसे देईन.

शॉकअपला दमवणाऱ्या, मुरमाच्या रस्त्यावर उठणाऱ्या आडव्या लाटा गाड्यांच्या स्प्रिंगमुळे होतात, असे फार दिवस मानले जाई. २००७ मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या शास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्टीवर चाक चालवून पाहिले. स्प्रिंग नसतानाही लाटा उठल्या. ठरावीक वेगाच्या वर चाक गेले की सैल कणांत लाट तयार होते. त्या वेगाच्या खाली पृष्ठभाग सपाट राहतो. अशा रस्त्यावर वेग कमी केला तर गाडी वाचते आणि रस्ताही.

टायर जुन्या बाजारातून घ्यायचे असतील तर भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. खाचा कितीही खोल असल्या तरी पाच-सहा वर्षांपुढचे रबर कडक होत जाते, कडक रबर दगड धरत नाही. रिमोल्ड टायर डांबरीवर, कमी वेगात चालून जातील. हवा कमी करून रानात घालायला ते नकोत. तापून पट्टा सुटतो.

आणि आता ती उंची. दोन इंच मोठ्या व्यासाचा टायर घातला तर आसाखाली जागा वाढते एकच इंच. २९ इंचांचा टायर काढून ३१ चा घातला की गिअर सुमारे ७ टक्के लांब पडतात, इंजिन चढावर दमते, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि मीटर ६० दाखवते तेव्हा गाडी ६४ ने पळत असते. नुसती बॉडी उचलली तर डिफरन्शिअल आहे तिथेच राहते. खडक तर त्यालाच लागतो. वर गुरुत्वमध्य चढल्याने उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, आणि पाटे उंचावले तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडून जॉइंट क्रॉस लवकर जातात. रिम बाहेर काढणाऱ्या चकत्या लावल्या की बेअरिंगवर तिरका भार येतो. दिसायला सर्वांत मोठा, उपयोगाला सर्वांत लहान असा हा खर्च आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की कंपनीच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा पुढे करू शकते. मूळ मापाचे नवे शॉकअप, बुश, पाटे आणि टायर यांना यातले काहीच आडवे येत नाही.

गाडी नीट झाली की रानात जायचा मोह होणार. तेव्हा शेतकऱ्याचा वापसा पाळा. ओल्या काळीत चाक गेले की माती दाबून घट्ट होते, मुळांना आणि पाण्याला वाट उरत नाही, आणि ते नुकसान पुढच्या पिकात दिसते. कुळव घालण्याजोगी जमीन झाली नसेल तर जीपही बाहेरच ठेवा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तर, वापसा असो वा नसो, वाट सोडून एक चाकही घालू नका. तो माळ माळढोक पक्ष्याचा, आणि माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकुलते एक अंडे घालते.