काडतूस बसलं म्हणजे जुळलं असं नाही : जुनी ब्रिटिश डबल रायफल

चार्जरची पिन मोबाईलमध्ये बसली म्हणजे व्होल्टेज जुळलंच असं नसतं ना? जुन्या ब्रिटिश डबल रायफलची सगळ्यात मोठी रिस्क नेमकी हीच.

डबल रायफल म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्या, बहुतेक वेळा दोन चाप. हत्ती अंगावर आला तर दुसरी गोळी लगेच सुटायला हवी, म्हणून रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांनी त्या घडवल्या.

१८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली. तिचं काडतूस काळ्या दारूच्या जुन्या .४५० एक्स्प्रेसवरूनच बेतलेलं. लांबी तीच, सव्वातीन इंच. आत मात्र कॉर्डाइट, म्हणजे प्रेशर कितीतरी जास्त. त्यामुळे नायट्रोचं काडतूस काळ्या दारूच्या रायफलीतही आरामात बसतं. चाप ओढला की नळी फुटू शकते.

मग ओळखायचं कसं? आधी रायफल रिकामी आहे ना ते बघायचं. मग नळ्या काढून त्यांच्या मागच्या टोकाची खालची बाजू वाचायची. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के तिथे असतात. ‘कॉर्डाइट ७०-४८०’ असं दिसलं तर अर्थ असा : ७० ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी. पण शिक्क्यावरच थांबायचं नाही. मधल्या शंभर वर्षांत कुणी चेंबर वाढवलंही असेल, म्हणून जाणकार गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून माप घ्यायचं.

नळ्या टांगून टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर बरं. बद्द आवाज आला तर मधला सांधा सुटला असण्याची शंका घ्यायची. आत गंजाचे खड्डे, नळीला फुगवटा, बंद केल्यावर नळ्या आणि ॲक्शनमध्ये फट, यातलं काहीही दिसलं तर बार काढायचा नाही.

आणखी एक गंमत. दोन्ही नळ्या एकाच ठरावीक लोडवर जुळवलेल्या असतात. गोळीचं वजन किंवा वेग बदलला की डावी एकीकडे, उजवी दुसरीकडे!

भारताचा संबंध? १९०७ मध्ये ब्रिटिशांनी इथे .४५० बोअरवर बंदी घातली, आणि त्यातूनच .४७० सारखी काडतुसं पुढे आली. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आहे आणि लायसन्सशिवाय असं शस्त्र बाळगणं गुन्हा. म्हणून आजोबांच्या कपाटात अशी रायफल सापडलीच, तर आधी कागदपत्रं, मग गनस्मिथ. काडतूस सगळ्यात शेवटी.