इंग्रजी लेखनातील काळ : मराठी विद्यार्थी कोठे अडखळतात?

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये २००० साली पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. तरीही सहावी ते आठवीच्या निबंधांत आणि पत्रांत क्रियापदाच्या काळाच्या चुका हमखास आढळतात. बारा काळांचा तक्ता मुखोद्गत असलेले विद्यार्थीही त्यातून सुटत नाहीत. यातील अनेक चुकांमागे निष्काळजीपणा नसून मातृभाषेची काळव्यवस्था असते. हे कारण उमगले नाही, तर तीच चूक दहावीपर्यंत सोबत राहते.

पहिला प्रकार पूर्ण वर्तमानकाळाचा. ‘मी काल पत्र लिहिले आहे’ हे वाक्य मराठीत चालते. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’सारखा सरलेली वेळ दाखवणारा शब्द आला, की ‘हॅव रिटन’ ही रचना चालत नाही. तेथे ‘रोट’ हा साधा भूतकाळच हवा.

याउलट, ‘आम्ही पाच वर्षांपासून नागपुरात राहतो’ येथे मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या अशा स्थितीसाठी इंग्रजीत ‘वुई हॅव लिव्ह्ड इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहावे लागते. कालावधी सांगताना ‘फॉर’, तर आरंभाची वेळ सांगताना ‘सिन्स’ वापरतात.

अटीच्या वाक्यांत फरक अधिक ठळक होतो. ‘पाऊस आला तर सहल रद्द होईल’ या वाक्यात घटना भविष्यातील असूनही ‘आला’ हे रूप भूतकाळाचे आहे. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत. इंग्रजीत अशा वेळी ‘इफ’ किंवा ‘व्हेन’नंतर साधा वर्तमानकाळ येतो : ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन ही कम्स’. ‘विल’ येते ते मुख्य वाक्यात.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी मूळ काळ कायम ठेवते : ‘राजू म्हणाला, की मी आजारी आहे.’ इंग्रजीत ‘सेड’नंतर सामान्यतः पुरुष आणि काळ दोन्ही बदलतात : ‘राजू सेड दॅट ही वॉज इल.’

सहलीच्या वर्णनात आणखी एक दोष दिसतो. आरंभ भूतकाळात होतो आणि प्रसंग रंगला की लेखन नकळत वर्तमानकाळात शिरते. मराठी कथनात हे सहज खपते. इंग्रजीत मात्र घटनाक्रम एकाच काळात चालवणे इष्ट. तथापि, आजही कायम असलेली वस्तुस्थिती वर्तमानकाळात सांगता येते. आपण रायगडावर गेलो, हे ‘वेंट’ने सांगावे, रायगड महाड तालुक्यात आहे, हे ‘इज’ने.

निबंध पूर्ण झाल्यावर एकदा केवळ क्रियापदे अधोरेखित करून वाचावीत. प्रत्येक क्रिया केव्हाची, ती संपली की चालू आहे, एवढे दोन प्रश्न विचारल्यास बऱ्याच चुका विद्यार्थ्याला स्वतःच सापडतात. शिक्षकांनीही लाल खूण करून न थांबता, त्या वाक्यामागील मराठी वाक्य विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली, की नियम पाठ करण्यापूर्वीच त्यांतील फरक ध्यानात येतो.